वरचा खिसा

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा निरोप दरवर्षीप्रमाणे यंदाही आला. खुसखुशीत म्हटले की मला चकली आठवते. आणि पन्नास वर्षे चकल्या पाडलेल्या बाईचीही एखाद्या वर्षी मऊ पडते. यंदा माझी पडली आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्षभर या सदरात मी भाजीवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांविषयी लिहिले. पूर्वी आमचे हे दर दोन-तीन लेखांआड हजेरी लावीत. हल्ली ते कुठे दिसत नाहीत, अशी विचारणा करणारी पत्रे काही भगिनींनी पाठवली. एका बाईंनी तर फार संकोचाने "आहेत ना?" एवढेच विचारले. आहेत हो, आहेत. मी हे लिहीत असताना पलीकडे खिडकीशी आरामखुर्चीत बसले आहेत, आणि दर पाच मिनिटांनी सदऱ्याचा वरचा खिसा थोपटून बघत आहेत.

त्या खिशात एके काळी सिगारेटचे पाकीट असे. १९९६ सालापासून ते नाही. पण हाताला ते कुणी सांगितलेले नाही.

हे रेल्वेत होते, कल्याणला. १९७३ साली आमचे लग्न झाले आणि मी त्या रेल्वेच्या चाळीत आले. एक खोली, एक खिडकी, आणि रात्रंदिवस इंजिनांचा आवाज. तेव्हा पुरुषाने सिगारेट ओढणे म्हणजे फारसे काही वावगे समजत नसत. उलट बिडी सोडून सिगारेट धरली की माणूस जरा वर चढला असे वाटे. सकाळी मी डबा भरायची आणि डब्याशेजारी पाकीट अन् काडेपेटी मांडून ठेवायची. नव्या नवरीचे ते कौतुकाचे काम. सासूबाई म्हणायच्या, "सून मोठी नेटकी आहे." काडेपेटी हलवून बघायचा माझा शिरस्ता होता, काड्या कमी वाटल्या तर नवी ठेवायची.

दुसऱ्याच वर्षी, ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप झाला. वाचकांपैकी पुष्कळांना तो आठवत असेल. कल्याण-डोंबिवलीत तर घराघरात त्याची गोष्ट आहे. वीस दिवस तो चालला. धरपकड सुरू होती, म्हणून हे घरी झोपत नसत; आज या मित्राकडे, उद्या त्या. परत आले तेव्हा दाढी वाढलेली, आणि दिवसाला सहा असलेल्या सिगारेटी पंधरावर गेलेल्या. रात्री जागून काढायच्या, पोटात काही नाही, मग धूर. त्यांना मी काय बोलणार? जॉर्ज फर्नांडिस म्हणजे तर ह्यांचे दैवत. त्यांचे भाषण हे अजून हातवारे करून म्हणून दाखवतात. पुढे त्याच जॉर्जसाहेबांना अल्झायमरने गाठले. ज्या माणसाच्या एका शब्दासरशी देशातल्या गाड्या थांबल्या, त्याला शेवटची काही वर्षे माणसे ओळखू येत नव्हती. २९ जानेवारी २०१९ ला ते गेले. त्या दिवशी हे टीव्हीसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "असं मरण वैऱ्यालाही नको." तेव्हा हे ठणठणीत होते. निदान मला तसे वाटत होते.

१९७५ साली कायदा झाला आणि पाकिटावर धोक्याचा इशारा छापून येऊ लागला. ह्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग सिगारेट पेटवली. पुढची वीस वर्षे आमच्या संसारात या एका विषयावर जेवढे बोलणे झाले, तेवढे मुलांच्या शिक्षणावरही झाले नसेल. अर्थसंकल्प आला की गृहिणी साखर-तेलाचे भाव बघतात. मी सिगारेटचा बघे आणि मनातून म्हणे, वाढू दे मेला. डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या तेव्हा नव्या भिंतीला पहिला डाग पडला तोही ह्यांच्या खुर्चीमागे, धुराचा.

शेवटी मुलीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी ह्यांना अशी काही ढास लागली, की भटजींना थांबावे लागले. व्याह्यांकडच्या मंडळींनी पाणी दिले. त्यानंतर चौथ्या दिवशी फडके रोडवरच्या गणपतीसमोर उभे राहून हे म्हणाले, "आजपासून बंद." आणि बंद! कुठले औषध नाही की गोळी नाही. मी ती गोष्ट नातेवाइकांत इतकी मिरवली, की ह्यांनाच लाज वाटू लागली. याच सदरात त्यावर एक लेखही लिहिला होता; जुन्या वाचकांना आठवत असेल.

आता पुढचे जरा भराभर सांगते, कारण त्यात रमावे असे काही नाही. निवृत्तीनंतर बारा-तेरा वर्षांनी, २०२१ साली, एका सकाळी हे अंघोळ करून, डबा मागून, ड्युटीला निघाले. मी थट्टा समजले. दुपारी कल्याण स्टेशनवरून एका सज्जन माणसाचा फोन आला, की आजोबा यार्डाकडे जाण्याचा रस्ता विचारीत आहेत. मग दुधाचे पैसे दोनदा देणे, चष्मा चोरीला गेल्याचा मोलकरणीवर आळ, संध्याकाळ झाली की "चला, घरी जाऊ" म्हणून चपला घालणे. घरात बसूनच घरी जायचे असते त्यांना. कुठल्या घरी, ते मात्र सांगता येत नाही.

धाकट्याने ठाण्याच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. आमच्या पिढीला ठाणे म्हटले की काय आठवते ते सांगायला नको. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालचे. "ह्याला ठाण्याला पोचवा" ही आमच्या लहानपणची सर्रास थट्टा. ह्यांना कुठे जायचे ते सांगितले तर स्वारी हसून म्हणाली, "अखेर नेतेस ना ठाण्याला?" मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आम्ही जलद लोकलने निघालो. दिवा मागे पडले तसे हे खिडकी खाली ओढू लागले. मी म्हटले, "अहो, उकडतंय, राहू द्या." तर म्हणाले, "बोगदा येईल ना." बोगदा काही आला नाही. मुंब्रा आले, कळवा आले, हे बावरून गेले. "बोगदा कुठे गेला? बोगदा कुणी नेला?" डब्यातली माणसे बघू लागली. मी त्यांचा हात धरून गप्प करीत होते, तेव्हा समोरच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "बरोबर म्हणताहेत ते. फेब्रुवारीपासून जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत. नवे रूळ टाकलेत ना, आता मुंब्र्यावरून जातात." मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! ह्यांचे चुकले नव्हते, रूळच हलले होते. लग्नानंतर ठाण्याला मावशीकडे जाताना हे दारात उभे राहून सिगारेट ओढायचे, आणि बोगदा आला की त्या अंधारात तिचे लाल टोक दिसायचे. मी ते बघत बसायची, गाडी बाहेर पडेपर्यंत.

डॉक्टर तरुण होते, पण धीराचे. मेंदूचा फोटो काढला. स्मृतिभ्रंश हा एकच रोग नव्हे, त्याच्या जाती आहेत, असे त्यांनी समजावले. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्याचे पहिले वर्णन केले, तो सर्वांत नेहमीचा. दुसरा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून होणारा. ह्यांना दोन्ही मिळून असावेत. फोटोत जुने, लहान लहान झटके येऊन गेल्याच्या खुणा होत्या. केव्हा आले, कुणाला कळलेही नाही.

मी विचारले, "सिगारेटनं झालं का हो?"

ते म्हणाले, "काकू, एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. सिगारेटनं रक्तवाहिन्या खराब होतात हे खरं. पण काकांना रक्तदाब आहे, साखर आहे, वय आहे. सगळी एकाच वाटेनं आत जाणारी माणसं. कुणी दार उघडलं ते कसं सांगू?" आणि मग मला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "शिवाय सोडून पंचवीस वर्षं झालीत. इतक्या वर्षांनी तो धोका पुष्कळ उतरतो."

घरी आल्यावर मी सूनबाईला म्हटले, मला याचे सगळे वाचायला काढून दे. ती म्हणाली, "आई, कशाला त्रास करून घेता?" पण काढून दिले, मोठ्या टायपात. वाचून माझी जी करमणूक झाली ती ऐका. विलायतेत रिचर्ड डॉल नावाचे गृहस्थ होते. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे जगाला पटवून देणाऱ्यांतले ते एक. १९५१ पासून ते हजारो डॉक्टरांच्याच सिगारेटींचा हिशेब ठेवीत होते. त्यांनी २००० साली लिहिले, की स्मृतिभ्रंशाशी सिगारेटचा म्हणावा तसा संबंध आमच्या हिशेबात दिसत नाही. त्याआधी तर काही अभ्यासांत सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार कमीच होतो असे निघाले होते! पुढे त्यातली मेख कळली: खूप ओढणारे पुष्कळसे विसरण्याच्या वयापर्यंत पोचतच नाहीत, जे पोचतात ते मूळचेच दणकट. मग २०११ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एकवीस हजारांवर माणसांचा अभ्यास आला. मध्यम वयात दिवसाला दोन पाकिटांहून जास्त ओढणाऱ्यांत हा आजार दुपटीहून अधिक. आमच्या ह्यांची पंधरा म्हणजे पुरते एक पाकीटसुद्धा नव्हे... पाकीट दहाचे धरायचे की विसाचे, यावर मी आणि धाकटा अर्धा तास वाद घालीत बसलो. एवढ्या शहाण्या माणसांनी हे करावे!

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. सिगारेट त्यात आहे. पण तिच्या नावावर शंभरातली दोनच प्रकरणे. आणि कमी ऐकू येणे, त्याच्या नावावर सात. ते वाचले आणि माझ्या हातातला कागद खाली पडला. उभा जन्म इंजिनांच्या धडधडाटात काढून ह्यांचे कान कधीच गेले होते. यंत्र घ्या म्हटले की "मला काय म्हातारा समजतेस?" मीही मग हट्ट सोडला. सिगारेटवरून मी वीस वर्षे भांडले, कानावरून वीस दिवसही नाही. रेडिओ मोठा लावला म्हणून वर बोलले ते निराळेच.

आणि तरी पटत नाही. आमच्या सासूबाई जन्मभर मिश्री लावीत. नव्वदाव्या वर्षी चाळीतल्या कुठल्या बिऱ्हाडात कुणाचे बारसे कुठल्या वारी झाले ते सांगत. माझे मामा सुपारीसुद्धा न खाणारे, पहाटे उठून फिरायला जाणारे. त्यांना शेवटी मामीचे नाव आठवेना. तेवीस वर्षे ह्यांच्याइतकाच धूर मीही गिळला. मला अजून किराण्याची यादी तोंडपाठ आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात माझ्यासारखीच कुणीतरी रात्री जागी असेल आणि काहीतरी मोजीत असेल. मी काडेपेट्या मोजते. रोज हलवून बघितलेल्या.

गेल्या दिवाळीत पहाटे फडके रोडवर नेहमीची तरुण मंडळींची गर्दी लोटली होती. ढोलताशा ऐकून हे कधी खाली उतरले कळले नाही. अर्ध्या तासाने सापडले ते मागच्या गल्लीतल्या पानवाल्यापाशी. हातात पेटलेली सिगारेट. पानवाला नवा होता, त्याचा काय दोष? ज्यांच्या डोक्यातून नातवंडांची नावे गेली, त्यांच्या डोक्यातून सिगारेट सोडल्याचे तेवढे गेले, ओढायची मात्र राहिली. मी हिसकावून घेणार होते. हात पुढे केलाही होता. पण वर्षभरात मी त्यांचा चेहरा इतका स्वस्थ पाहिला नव्हता. मी शेजारी उभी राहिले, आणि ती संपेपर्यंत थांबले. हे बरे केले की वाईट, ते मला आजही ठरवता आलेले नाही. मुलीला कळले तेव्हा ती चार दिवस बोलली नाही.

तेव्हापासून आम्ही घरात काडेपेटी ठेवीत नाही. देवाची निरांजने लायटरने लावून लायटर माझ्या कमरेला. रात्री गॅस खालून बंद. पानवाल्याला धाकट्याने सांगून ठेवले आहे. ह्यांच्या खिशात पत्ता आणि फोन लिहिलेला पुठ्ठा असतो. ज्यांच्या घरी नव्याने सुरू झाले असेल त्यांच्यासाठी म्हणून लिहिते: ज्येष्ठांसाठी सरकारचा १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, आणि मोहन आगाशे यांचा 'अस्तु' हा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा. माझी सून तो पाहून उठली ती ह्यांच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागली.

हे सगळे मी लिहिले नसते, पण श्रावणात एक रात्र अशी आली. दोनचा सुमार असेल. हे उठून बसले होते. मी दिवा लावला तशी माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "बाई, आपण इथल्याच का?"

आता मला याची सवय झाली आहे. मी म्हटले, "हो, शेजारची."

"एक काम होतं. स्टेशनपाशी जाल तेव्हा दोन सिगारेटी आणाल का? सुट्या." मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "आमच्या मंडळींना मात्र बोलू नका. तिला वचन दिलंय मी. तिला वाटतं, सोडली. फार आनंद झालाय हो तिला."

मी विचारले, "मग सोडली नाहीत?"

"सुटते का कुठं! ड्युटीवरून येताना एक. वर पेपरमिंटची गोळी. तिला कळत नाही." आणि असे लबाड हसले, की मला त्यात चाळीतला तो पंचवीस वर्षांचा मुलगा दिसला. मग पाच मिनिटांत झोपले.

मी झोपले नाही. वचन १९९६ चे. निवृत्ती २००८ ची. पेपरमिंटच्या गोळ्या खिशात खरोखर असत. मला वाटे नातवंडांसाठी आणतात. डॉक्टरांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "यावर भरवसा ठेवू नका. या आजारात माणूस तुकडे जोडून गोष्ट तयार करतो आणि त्याला ती खरीच वाटते. कदाचित तरुणपणी वडिलांपासून लपवून ओढत असतील, ते आणि हे एकत्र झालं असेल." तसेही असेल. पण मग माझा सगळा हिशेबच मोडतो ना! पंचवीस वर्षांपूर्वी सोडली हे ज्याच्यावर उभे, ते धिरडेच उलटताना तुटले.

ह्यांचे एक जुने सोबती कल्याणला असतात. रोज बरोबर जात-येत. त्यांना ठाऊक असणारच. मी दोनदा फोन हातात घेतला. दसऱ्याला ते सोने द्यायला स्वतःच आले, ह्यांच्या पाठीवरून हात फिरवीत तासभर बसले. मी चहा केला, चिवडा दिला, सुनांची चौकशी केली. जिन्यापर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगा." मी म्हटले, "सांगेन."

वरच्या खिशात आता मी रोज सकाळी पेपरमिंटच्या चार गोळ्या ठेवते. पुन्हा हात तिथे गेला आहे. या खेपेला बोटांना गोळी लागली. ती बाहेर काढून त्यांनी उजेडात धरून पाहिली, मग दुसरी काढली आणि माझ्यापुढे केली.

"घ्या. पण तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," मी म्हटले, आणि गोळी तोंडात टाकली.